गट पास होणं वेगळं, फायनल मारणं वेगळं

प्रश्न साताऱ्याच्या एका तरुणाचा आहे. नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार घरी, बजेट पन्नास लाखांच्या आसपास. त्यांनी लिहिलंय, "यूट्यूबवर बीएमडब्ल्यू एम३४०आय, नाहीतर रिमॅप केलेली ऑक्टाव्हिया आरएस, तीन-चार कोटींच्या सुपरकारच्या बरोबरीने पळताना दिसते. मग ते चार कोटी कशाचे? परवडणारी परफॉर्मन्स कार सुपरकारला खरंच टक्कर देते, की सगळा कॅमेऱ्याचा खेळ आहे? जुनी आरएस घेऊन स्टेज टू करावी असं मनात आहे. अनुभवी माणसाने सांगावं." (आरएस ही स्कोडा ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. स्टेज वन म्हणजे तेवढंच, स्टेज टू म्हणजे त्याबरोबर धुराच्या नळीसारखे भागही बदलणं.)

अनुभव म्हणाल तर कुपवाड एमआयडीसीत माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं पुण्यात एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पाना फिरवला. वर्षातून एखाद-दोन वेळा पोरांना घेऊन कोइमतूरला कारीच्या रेस ट्रॅकवर जातो. सुपरकार माझ्या मालकीची कधी नव्हती आणि होणारही नाही, पण गिऱ्हाइकांच्या दोन-तीन हातातून गेल्या, एक बऱ्यापैकी चालवायलाही मिळाली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

तुम्ही विचारताय टक्कर देते का. मी आधी विचारणार, कशात? सरळ पट्टीवर शंभर गाठण्यात? ट्रॅकवर एका फेरीच्या वेळेत? वीस मिनिटं सलग तशाच फेऱ्या मारण्यात? पसरणीच्या घाटात? की पोवई नाक्यावर उभी केल्यावर लोकांनी मोबाइल काढण्यात? या प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. व्हिडिओवाले पहिल्याचं उत्तर काढतात आणि तेच सगळ्यांना चिकटवतात.

पहिल्याचं गणित शाळेतलं आहे. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. रस्त्यावरचा चांगला टायर कोरड्या डांबरावर ढोबळमानाने एवढी पकड देतो की गाडीचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढू शकेल. २७.८ भागिले ९.८, उत्तर २.८ सेकंद. इंजिन सहाशे हॉर्सपॉवरचं असो नाहीतर दीड हजारचं, त्यापुढे टायर जागेवर गरगरणार आणि धूर काढणार. खास चिकट टायर आणि त्यासाठी तयार केलेली पट्टी असेल तर आकडा आणखी खाली येतो, पण तो प्रदर्शनाचा आकडा झाला.

म्हणजे इथे एक भिंत आहे, आणि ती महाग गाडीलाही आहे. लॅम्बोर्गिनी हुराकानची एलपी ६१०-४ ही ६१० हॉर्सपॉवर घेऊन ३.२ सेकंदांत त्या भिंतीपाशी येते. एम३४०आय पावणेचारशेच्या आसपास हॉर्सपॉवर घेऊन ४.४ सेकंदांत येते. पूर्वी हे अंतर फार मोठं असायचं. आता चारही चाकांना ताकद, पापणी लवायच्या आत गिअर बदलणारा गिअरबॉक्स आणि लाँच कंट्रोल (चाकं न घसरता जागेवरून सुटायची सोय) या तिन्ही गोष्टी खालच्या किमतीत आल्या, त्यामुळे स्वस्त गाडीही भिंतीजवळ येऊन उभी राहते. इलेक्ट्रिकने तर चेष्टाच केली. ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही घरच्यांना घेऊन फिरायची पाच सीटची गाडी, कंपनीचा आकडा ३.४ सेकंद.

एक बारकावा व्हिडिओ बघताना ध्यानात ठेवा. अमेरिकेतली बरीच मासिकं वेळ मोजताना पहिला फूटभर सरकणं धरत नाहीत, ती ड्रॅग स्ट्रिपची जुनी पद्धत आहे. दोन-तीन दशांश सेकंद तिथेच गळतात. शिवाय त्यांचं मोजमाप ६० मैलांपर्यंत, म्हणजे ९६.५ किमीपर्यंत. कंपनीचा एक आकडा आणि मासिकाचा दुसरा शेजारी ठेवून भांडणारी पोरं माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

शंभरच्या वर गेलात की चित्र पालटतं. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. तिथे टायरची भिंत मागे पडते आणि इंजिनाची खरी झटापट सुरू होते. हुराकान २०० ला ९.९ सेकंदांत पोचते. एम३४०आय तोवर चांगलीच मागे पडलेली असते, कारण तिच्याकडे ताकद कमी आणि वजन जास्त. पण व्हिडिओतली शर्यत बहुतेक वेळा पाव मैलाची, ४०२ मीटरची. दोन गाड्यांमधलं अंतर नीट उघडायच्या आत पट्टी संपते, आणि खाली शीर्षक पडतं, "सुपरकारला घाम फोडला."

आता ट्रॅकवरची एक फेरी. यात स्वस्त गाडी महागडीला गाठते, आणि ही काही कालची गोष्ट नाही. जर्मनीत नुर्बुर्गरिंगची एक फेरी २०.८ किमीची आहे. २००४ मध्ये पोर्शेची कॅरेरा जीटी तिथे वाल्टर रोर्ल या ड्रायव्हरने ७ मिनिटं २८ सेकंदांत फिरवली. दहा सिलिंडर, ६१२ हॉर्सपॉवर, कार्बन फायबरचा सांगाडा, अमेरिकेतली किंमत ४ लाख ४० हजार डॉलर. २००८ मध्ये निसानने जीटी-आर ७ मिनिटं २९ सेकंदांत फिरवल्याचं जाहीर केलं. सहा सिलिंडर, ४८० हॉर्सपॉवर, चार सीट, मागे बॅगा ठेवायला बऱ्यापैकी डिकी, आणि अमेरिकेत सुरुवातीची किंमत ७० हजार डॉलरच्या आसपास. पोर्शेला ते पचलं नाही. त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेऊन तिथे फिरवली आणि आमच्या हातात ७:५४ आली असं सांगितलं. निसानने आपला आकडा सोडला नाही.

कोण खरं यावर अजूनही लोक गळे काढतात. मला त्या भांडणातून एवढंच कळलं की एकच मॉडेल, एकच ट्रॅक, पण टायर, हवा आणि हातातली सवय बदलली तर पंचवीस सेकंद इकडचे तिकडे होऊ शकतात. मग दोन वेगळ्या गाड्यांमधल्या चार सेकंदांवरून छाती किती बडवायची? होंडाची सिव्हिक टाइप आर, पुढची चाकं ओढणारी पाच दारांची गाडी, २०२३ मध्ये तिथे ७:४४ मध्ये आली. एवढी वेळ काढणारी गाडी वीस वर्षांपूर्वी लोकांनी पोस्टर करून भिंतीवर लावली असती.

तेव्हा परदेशात तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका फेरीपुरतं सरळ "हो" आहे. शेवरोलेची कॉर्वेट सी८ बघा. इंजिन पाठीमागे मधोमध, ६.२ लिटरचं व्ही८, आणि २०२० मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत. रचनेने ती सुपरकारच आहे, फक्त बिल लहान.

घोडं आपल्याकडे पेंड खातं. जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा अमेरिकेत ती १ लाख १० हजार डॉलरला होती, तेव्हाच्या दराने ७५ लाखांच्या आत. इथे एक्स-शोरूम १ कोटी ९९ लाख. परदेशातून आख्खी आलेल्या महाग गाडीवरचा आयात कर तेव्हा गाडीच्या किमतीएवढा होता, आणि त्यावर आपले बाकीचे कर. कॉर्वेट इथे अधिकृतपणे मिळत नाही. माझदाची एमएक्स-५ नाही, टोयोटाची जीआर८६ नाही. जी नावं वाचून तुम्हाला हा प्रश्न पडला असेल त्यातली निम्मी आपल्या बाजारातच नाहीत. आहे काय, तर गोल्फ जीटीआय, २०२५ मध्ये आली ती ५३ लाखांना. नवी ऑक्टाव्हिया आरएस त्याच वर्षी ५० लाखांना आली, शंभरच गाड्या, बघता बघता संपल्या. एम३४०आय परवडते असं वाटतं त्याचं मोठं कारण ती चेन्नईत जोडली जाते. या सगळ्या उत्तम गाड्या आहेत, पण त्या झटपट पळणाऱ्या सेदान आणि हॅचबॅक आहेत. कॉर्वेटचं उत्तर त्यांना लावू नका.

आता दहाव्या फेरीकडे येतो, कारण माझा रोजचा धंदा तिथला आहे. आपल्या भागात हे समजावणं सोपं जातं. बैलगाडा शर्यतीत बैल आधी गट पास होतो, मग सेमी, मग फायनल, सगळं एकाच दिवसात, एकाच उन्हात. गटात वाऱ्यासारखा पळालेला आणि सेमीला तोंडाला फेस आलेला बैल पुसेगावच्या मैदानात बघितला असेलच. जाणकार माणूस बैलाची किंमत करताना पहिली धाव बघत नाही, तिसऱ्या धावेनंतर त्याच्या बरगड्या बघतो. गाडीचंही तेच. पहिल्या धावेचा आकडा आता स्वस्त झालाय, पैसे पडतात ते तिसऱ्या धावेला. आणि गाडीच्या बाबतीत तिसरी धाव म्हणजे उष्णता.

ब्रेकपासून धरा. ड्रायव्हरसकट १६०० किलोची गाडी २०० वरून १०० वर आणली तर जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तिच्यात साडेपाच लिटर गार पाणी उकळीला येईल. एका ब्रेकमध्ये. पुढच्या वळणाला पुन्हा तेवढंच. मधल्या सरळ पट्टीवर जेवढे सेकंद मिळतील तेवढ्यात ती उष्णता डिस्कने हवेत सोडायची. सुपरकारच्या डिस्क ताटाएवढ्या मोठ्या, कित्येकांत कार्बन सिरॅमिकच्या, आणि बंपरपासून चाकापर्यंत हवा नेणारे मार्ग आधीच काढून ठेवलेले. त्या सिरॅमिक डिस्कचा पूर्ण संच बदलायची वेळ आली तर बिलात एखादी बरी हॅचबॅक येईल. उगीच नाही महाग.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पहिल्यांदा कारीवर गेलो तेव्हा माझ्या हॅचबॅकचं इंजिन चांगलं तयार केलं होतं, पिकअप जोरात, घमेंड त्याहून जोरात. ट्रॅक दोन किलोमीटरच्या थोडा वर. तीन फेऱ्या झकास गेल्या. चौथ्या फेरीत सरळ पट्टीच्या शेवटी पाय दाबला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं, थेट मॅटपर्यंत. दोनदा पंप मारला, थोडं प्रेशर आलं, तरी गाडी मातीत गेली. नशिबाने तिथे मातीच होती. पिटमध्ये आणून बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलचं झाकण काढलं, तर रंग अमृततुल्यच्या चहासारखा. ते मी स्वतः भरलेलं होतं, दोन पावसाळ्यांपूर्वी.

झालं काय, तर डॉट फोर ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं. ठरावीक पाणी शिरलं की तोच उकळबिंदू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला पॅडने पकडणाऱ्या भागात, ते उकळलं, वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. तुमचा पाय वाफ दाबत राहतो, पॅड जागचं हलत नाही. इंजिनावर लाखभर घातलेल्या मिस्त्रीची गाडी हजार रुपयांच्या ब्रेक ऑइलने मातीत घातली. त्या संध्याकाळी गॅरेजची पोरं माझ्याकडे न बघता हसत होती.

इंजिनाचंही तसंच. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला गार करतो. छोट्या गाडीचा इंटरकूलर रोजच्या वापराच्या मानाने काढलेला असतो. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकलेला असताना लॅपटॉप लावून मी एका रिमॅप केलेल्या गाडीत बसलो होतो. पहिल्या धावेला इंजिनात जाणारी हवा पन्नास अंशांच्या खाली. लागोपाठ चौथ्या धावेला सत्तरच्या वर. एवढी तापलेली हवा आली की इंजिन ठोका मारायला लागतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतं, म्हणून कॉम्प्युटर स्वतःच इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी करतो. म्हणजे कागदावर वाढवलेली तीस-चाळीस हॉर्सपॉवर त्याने आपणहून परत काढून घेतली. पेट्रोल कमी ऑक्टेनचं, म्हणजे ठोका कमी रोखणारं, असेल तर हे आणखी लवकर होतं. रिमॅपवाला जो कागद देतो तो गार इंजिनाच्या पहिल्या धावेचा. चौथ्या धावेचा कागद मागून बघा, विषय बदलतो.

गिअरबॉक्सवर जास्त बोलत नाही, एकच उदाहरण देतो. सात गिअरचा एक ड्राय क्लच, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा, गिअरबॉक्स बऱ्याच गाड्यांत येतो, त्याची झेप २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंत, म्हणजे तेवढा पिळाचा जोर. कंपनीने त्यामुळेच त्यातल्या जास्त ताकदीच्या गाड्यांचा टॉर्क २५० वर बांधलेला असतो. जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईक बाहेरून रिमॅप करून आलं, टॉर्क ३३० केलेला. पाच महिन्यांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते म्हणून आले. क्लच पॅक बाहेर काढला तर प्लेट निळ्या-जांभळ्या पडलेल्या, काचेसारख्या चकचकीत, आणि हाताला जळक्या वायरचा वास दोन दिवस गेला नाही. ज्याने रिमॅप केलं त्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

आणि एक गोष्ट व्हिडिओत कधीच दिसत नाही, ती म्हणजे तेल. साध्या गाडीत इंजिन ऑइल खालच्या चेंबरमध्ये पडून असतं आणि पंपाची नळी त्यात बुडालेली. चिकट टायर घालून लांबलचक वळण जोरात घेतलं की सगळं तेल एका बाजूला सरकतं, नळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. एक-दोन सेकंदच, पण इंजिन मिनिटाला सात हजार वेळा फिरत असताना. असं वर्षभर झालेलं एक इंजिन मी खोललं. बेअरिंगचे शेल करडे मऊसर असायला हवेत, तिथे पितळी भांडं घासल्यासारखं तांबं उघडं पडलेलं. मालक म्हणाला, "काका, लाइट लागायची, पण लगेच जायची." महागड्या गाड्यांत, आणि सी८ मध्येसुद्धा, ड्राय सम्प असतो. तेल वेगळ्या टाकीत, आणि चेंबरमधून ते सतत ओढून काढणारे जास्तीचे पंप. ट्रॅकवर अर्धा तास गाडी पिळायची तर ही सोय इंजिनाचा जीव वाचवते. हा खर्च फोटोत येत नाही, पिकअपमध्येही कळत नाही.

म्हणून तुमच्या "ते चार कोटी कशाचे" याचं माझं उत्तर असं की इंजिनिअरिंगचा मोठा वाटा दहावी फेरी पहिलीसारखी मारण्यात जातो. हलकं ॲल्युमिनियम-कार्बनचं शरीर, मधोमध इंजिन, अडीचशेच्या पुढे गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारा हवेचा दाब, हे सगळं त्याच कामाचं. उरलेला वाटा नावाचा, आवाजाचा, दुर्मीळपणाचा आणि आपल्याकडे सरकारचा. त्यात वाईट काही नाही. दहा सिलिंडरचं इंजिन आठ हजारांवर ओरडतं तेव्हा अंगावर काटा येतो, तो कुठल्याही रिमॅपने येत नाही. त्याची किंमत किती धरायची ते ज्याच्या त्याच्या खिशावर.

आता आपला रस्ता. कोल्हापूरकडच्या एका गिऱ्हाइकाची हुराकान मी मिरजेच्या बाजूला तीसेक किलोमीटर चालवली. खरं सांगू? दुसऱ्या गिअरमध्येच कायद्याने घालून दिलेला हायवेचा वेग संपतो. अजून पाच गिअर शिल्लक. स्पीडब्रेकर आला की नाक उचलायचं बटण दाबायचं, तिरकी घालायची, आणि मागच्या बुलेटवाल्याच्या शिव्या ऐकायच्या. ऊस तोडणीचे दिवस होते. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबणारा ऊस. त्या गाडीत बसून जेवढी भीती वाटली तेवढी मला कारीच्या मातीत जातानाही वाटली नव्हती. उतरलो तेव्हा मालक म्हणाले, "कशी वाटली?" म्हटलं, साहेब, गाडी फुरफुरत होती आणि मी लगाम ओढून ओढून दमलो.

पसरणीच्या किंवा यवतेश्वरच्या घाटात वळणं जवळजवळ, रस्ता अरुंद, समोरून महाबळेश्वर नाहीतर कास बघायला निघालेल्यांची गर्दी. तिथे अडीचशे हॉर्सपॉवरची हॅचबॅक सुपरकारएवढीच वेगात चढते, कारण दोघींनाही पूर्ण ताकद लावायला जागाच नाही. उलट छोटी गाडी आपल्या लेनमध्ये मावते, खड्डा पचवते, आणि चालवणाऱ्याला समाधान जास्त देते. पावसाळ्यात तर अडीचशेसुद्धा जास्त होतात. या एका जागी मी टक्कर म्हणणार नाही, छोटी गाडी सरस आहे.

आतापर्यंतचं धरून सांगायचं तर शंभर गाठण्यात स्वस्त गाडी जवळपास पोचली आहे, एका फेरीत परदेशातल्या काही स्वस्त गाड्या बरोबरीला आहेत, सलग फेऱ्यांत नाही, आणि आपल्या घाटात महागडीचा उपयोगच नाही.

तुम्ही यातलं काय करणार, त्यावर पुढचं अवलंबून आहे. पुणे-सातारा येणं-जाणं, खंबाटकी, कधीतरी कासकडे पहाटेची चक्कर, एवढंच असेल तर जुनी आरएस डोळे झाकून घ्या, म्हणजे गाडी नीट तपासून घ्या पण निर्णयावर शंका घेऊ नका. स्टेज टू करू नका. डाऊनपाइप, म्हणजे टर्बोमागची धुराची नळी, बदलला की धूर-तपासणीचा प्रश्न येतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांच्या आड येतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. एवढं करून जी ताकद वाढेल ती तुम्ही कुठे वापरणार? शिरवळच्या सिग्नलला? फारच हौस असेल तर वर्षभर गाडी आहे तशी चालवा, मग स्टेज वनचा विचार करा, आणि तेव्हा पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं भरायची तयारी ठेवा.

एम३४०आय जास्त ताकदीची आणि लांबच्या प्रवासाला जास्त आरामाची आहे, त्यात वाद नाही. पण बजेट ताणून घेतली आणि टायर-पॅडच्या बिलाला हात आखडला तर तिचा उपयोग नाही. रुंद टायरचे चार नग बदलताना माझी भरपूर गिऱ्हाइकं "दोनच बदला आत्ता" म्हणतात, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे-मागचे टायर कमीजास्त झिजलेले असले की पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या मधल्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. घ्यायची तर हा खर्च धरून घ्या.

आणि ट्रॅकचं मनात असेल तर पैशाचा क्रम माझा असा आहे, वर्षानुवर्षं मार खाऊन ठरलेला. आधी चांगले टायर. मग डॉट ५.१, म्हणजे जास्त उकळबिंदूचं, ब्रेक ऑइल आणि जास्त उष्णता सोसणारे पॅड, दोन्ही मिळून रिमॅपच्या खर्चाच्या निम्म्यातही बसतात. मग स्वतःवर खर्च करा. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. तिथे दहा वेळा जाऊन आलेला पोरगा कारीवर माझ्या सव्वादोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला दीडशेच्या गाडीतून मागे टाकताना मी बघितलाय. ब्रेक कधी सोडायचा हे त्याला कळत होतं. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी.

जुनी आरएस बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना साखळीचा खडखडाट दोन सेकंदांवर टिकतो का ऐका. ओल्या क्लचचा गिअरबॉक्स असेल तर त्याचं तेल वेळच्या वेळी बदलल्याचं बिल मागा, तोंडी हिशेब धरू नका. गाडी तापल्यावर चढावर हळूहळू सोडा, थरथर जाणवली तर तिथेच थांबा. रिमॅप करून पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलेलं आहे का ते चांगल्या स्कॅनरवर बऱ्याचदा कळतं, तेवढ्यासाठी हजार-दोन हजार खर्च करा. डिस्कच्या कडेला बोट फिरवा, कंगोरा मोठा लागला तर डिस्कचा खर्च आलाच. आणि टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. २३२० म्हणजे २०२० सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही भरलेली दिसली तरी एवढा जुना रबर दगड झालेला असतो. चारही टायरचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा, मालक कुरकुरेल, पण देतो.